जुन्या गाडीचे कुशनकाम स्वतः शिवताना: उसवण, फोम, बेत आणि टीप

जुनी गाडी सवडीने स्वतःच्या हातांनी उभी करणारे पुण्यातले अनेक हौशी लोक इंजिन, ब्रेक आणि वायरिंग निर्धास्तपणे अंगावर घेतात. आसनांची वेळ आली की मात्र गाडी सरळ नाना पेठेतल्या एखाद्या कुशनवाल्याच्या दारात उभी करतात. तिथल्या कारागिरांचा हात तयार असतो, यात शंका नाही. पण त्यांना दिवसाकाठी अनेक गाड्या सोडायच्या असतात, त्यामुळे बसलेल्या फोमवर आणि गंजलेल्या स्प्रिंगांवर नवे कव्हर चढवून काम उरकले जाते आणि एका उन्हाळ्यात ते कव्हर सैल पडते. घरी काम करणाऱ्याकडे कौशल्य कमी असले तरी वेळ भरपूर असतो, आणि या कामात वेळच अधिक उपयोगी पडतो. शिवणयंत्र चालू होते तोवर कामाचा बराचसा भाग झालेला असावा लागतो. आसन उतरवणे, खुणा करणे, उसवणे, सांगाडा दुरुस्त करणे, फोम घडवणे आणि कागदावर बेत, म्हणजे कापायच्या तुकड्यांचे आकार, काढणे ही कामे नीट झाली असतील, तर सरळ टीप मारता येणारा कोणीही माणूस चांगले आसन शिवू शकतो.

पुढील विवेचनासाठी प्रीमियर पद्मिनी ही गाडी नमुना म्हणून घेतली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात पूर्वी तयार होत असलेली ही गाडी पुण्यात अजूनही बरीच सापडते, आणि तिच्या जुन्या बनावटीतील पुढचे व मागचे सलग बाक नवशिक्यासाठी फार सोयीचे असतात. आकार बहुतेक सपाट, कोपरे मोजके आणि आत विजेची कोणतीही जोडणी नाही. ज्या नव्या गाड्यांच्या पाठीत एअरबॅग बसवलेली असते, त्यांना मात्र हात लावू नये. तिथली शिवण ठरावीक जोराने फाटावी अशी रचलेली असते, आणि घरच्या दोऱ्याने मारलेली टीप ती एअरबॅग अडवू शकते. सलग बाक काढून दोन स्वतंत्र आसने बसवण्याचा मोह अनेकांना होतो. पण आसनसंख्या नोंदणी पुस्तकात लिहिलेली असते आणि मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत फेरफारांना आळा घालते. कव्हर, फोम आणि रंग बदलण्यापुरतेच काम ठेवावे.

कापड आणि रेक्झिन

सोफ्याचे रेक्झिन आणि वाहनाचे रेक्झिन दुकानात शेजारी शेजारी लटकत असतात, आणि सोफ्याचे रेक्झिन स्वस्त असते. फरक पाहण्यासाठी तुकडा उलटा करावा. वाहनासाठीच्या चांगल्या रेक्झिनची पाठ बहुधा विणलेल्या होजियरीसारखी असते आणि ते एका दिशेला जास्त ताणले जाते. सोफ्याच्या हलक्या मालाची पाठ साध्या सुती कापडाची असते, ते ताणले जात नाही आणि गोलाईवर हमखास चुण्या टाकते. तुकडा दुमडून चिमटीत घट्ट दाबावा व सोडावा. दुमडीवर पांढरी रेघ उमटून राहिली, तर तो माल उन्हात लवकर तडकणार असे समजावे. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतले तापमान त्याहून कितीतरी वर जाते; त्यामुळे अतिनील किरणांना टिकणारा माल मागून घेणे हा चैनीचा भाग नाही. काळा रंग देखणा दिसतो हे खरे, पण अर्ध्या चड्डीत एकदा त्यावर बसून पाहिलेला माणूस पुढच्या वेळी बदामी किंवा राखाडी रंग निवडतो.

आगीचा विचार इथेच करावा. वाहनाच्या आतील साहित्य किती वेगाने जळते याबद्दल भारतीय मानक आयएस १५०६१ अस्तित्वात आहे. वाहनासाठी म्हणून विकले जाणारे रेक्झिन व फोम त्या निकषावर तपासलेले आहेत का, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावे. असल्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था याच शहरातल्या टेकडीवर असल्यामुळे पुण्याच्या विक्रेत्यांना हा प्रश्न नवा वाटू नये.

रेक्झिनचा पन्हा साधारणतः ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर असतो. दोन्ही बाक आणि चारही दारांच्या फळ्या धरून अंदाजे ८ ते १० मीटर माल लागतो; तरी खरेदी बेत तयार झाल्यावरच करावी. सर्व तुकडे जमिनीवर १३७ सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्यात मांडून लांबी मोजावी आणि त्यावर एक मीटर जास्त घ्यावा, कारण महिन्याभराने गेल्यास त्याच रंगाची तीच छटा मिळेलच असे नाही. नाना पेठ, भवानी पेठ आणि रविवार पेठ एवढा टापू पालथा घातला की रेक्झिन, फोम, दोरा आणि किरकोळ हत्यारे मिळून जातात. वापरलेले पक्कड-पाने, जुन्या क्लिपा आणि कधी कधी चांगल्या स्थितीतले काळे शिवणयंत्रसुद्धा बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मिळू शकते, मात्र यंत्र चालवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

यंत्र, सुई आणि दोरा

घरगुती हलके झिगझॅग यंत्र या कामाला पुरे पडत नाही. पायपिंग, म्हणजे आत दोरी गुंडाळून शिवणीत बसवलेली उठावाची कड, जोडताना रेक्झिनचे चार थर, दोरी आणि वर फोमचे अस्तर एवढे सगळे सुईखाली येते. जुने, जड, फक्त सरळ टीप मारणारे काळे पायमशीन हे काम सावकाश करू शकते. जाड ठिकाणी पाय थांबवून हाताने चाक फिरवावे लागते इतकेच. खरी अडचण वेगळीच असते: साध्या यंत्राचे दाते फक्त खालचा थर पुढे ओढतात, वरचा थर फूटाला, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या यंत्राच्या पायाला, चिकटून मागे राहतो आणि मीटरभर शिवणीत दोन तुकड्यांची टोके चुकतात. ज्या यंत्राचे फूट स्वतः कापडाबरोबर पाऊल टाकते, त्या वॉकिंग फूट यंत्रावर ही तक्रार राहत नाही. असे यंत्र विकत घेण्याऐवजी ओळखीच्या बॅग शिवणाऱ्याकडे किंवा कुशनवाल्याकडे काही तास वापरायला मिळते का, ते पाहावे. साधेच यंत्र वापरायचे असल्यास टेफ्लॉनचे फूट लावावे किंवा फूटाच्या तळाला मास्किंग टेप चिकटवावी.

दोरा सुती नको. सुती दोरा घामाने व दमटपणाने कुजतो. पॉलिएस्टरचा बाँडेड दोरा घ्यावा; नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी उन्हाला पॉलिएस्टर अधिक टिकतो. टेक्स ७० जाडीच्या दोऱ्याला ११० म्हणजे १८ नंबरची सुई चालते, दर्शनी टीपेसाठी टेक्स ९० घेतल्यास १२० किंवा १२५ नंबरची सुई लागते. चामड्याची सुई रेक्झिनला वापरू नये. तिचे टोक धारदार असल्याने ते चीर पाडते आणि ताण आला की शिवण त्या चिरांच्या रांगेवरच फाटते. याच कारणाने टाकाही बारीक नको. जोडणीसाठी ४ मिलिमीटर आणि दर्शनी टीपेसाठी ५ ते ६ मिलिमीटर लांबीचा टाका योग्य ठरतो. बारीक टाका म्हणजे अधिक भोके, आणि अधिक भोके म्हणजे कमकुवत रेक्झिन.

धाग्याचा ताण नेहमी त्याच मालाच्या, तितक्याच थरांच्या तुकड्यावर पाहावा. वरचा आणि खालचा दोरा यांची गाठ थरांच्या मध्ये लपली पाहिजे. खाली दोऱ्याची फासे दिसू लागली, तर वरचा ताण वाढवावा. वर गाठी टोचू लागल्या, तर तो कमी करावा.

उतरवणे आणि उसवणे

जुने कव्हर हाच मूळ बेत असतो, म्हणून ते कापून, ओरबाडून काढू नये. आसन गाडीबाहेर काढण्यापूर्वी आणि काढल्यावर चारही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. विशेषतः कव्हर सांगाड्याला कुठे ओढून बांधले आहे, त्याच्या आतल्या नेफ्यात तार कुठून कुठवर ओवली आहे आणि किती अंतरावर कड्या आहेत, हे नोंदवावे. या जागा नव्या कव्हरात जशाच्या तशा याव्या लागतात.

कव्हर निघाल्यावर उसवण्याची घाई करू नये. प्रत्येक तुकड्यावर मार्करने क्रमांक, डावा-उजवा, वरची बाजू आणि गाडीच्या पुढच्या दिशेचा बाण काढावा. नंतर प्रत्येक शिवणीवर दर ८ ते १० सेंटिमीटरवर शिवणीला आडवी रेघ मारावी, अशी की ती दोन्ही तुकड्यांवर उमटेल. गोलाईवर हेच अंतर ३ सेंटिमीटर ठेवावे. या आडव्या रेघा पुढे जोडखुणा होतात आणि त्या नसतील, तर कोपऱ्यावर कोणता बिंदू कुठे येतो याचा शोध घेण्यात संध्याकाळ जाते. मगच उसवणीने किंवा ब्लेडने टाके कापावेत. बाक मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा असेल, तर एकच अर्धा भाग उसवावा आणि दुसरा जोडलेलाच ठेवावा. शिवणीचा क्रम विसरला की तो उघडून पाहता येतो.

सांगाडा आणि फोम

कव्हर निघाले की जुन्या पद्मिनीत बहुधा काथ्याची कुजकी गादी, गोणपाटाच्या चिंध्या आणि गंज दिसतो. तारेच्या ब्रशने गंज घासून, तुटलेली जागा वेल्डिंग करून घेऊन, रेड ऑक्साइड आणि त्यावर एनॅमल रंग द्यावा. हे काम पावसाळ्यात काढल्यास दोन थरांमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा, कारण ओल कव्हरखाली कोंडली तर रंगाचा काहीच उपयोग होत नाही. स्प्रिंगा दाबून पाहाव्यात. सुटलेली कडी बसवावी, तुटलेली स्प्रिंग बदलावी. स्प्रिंगांवर जाड गोणपाट किंवा नमदा ताणून बांधल्याशिवाय फोम ठेवू नये, नाहीतर तारा त्याला खालून कुरतडतात.

फोम मागताना केवळ ‘कडक द्या’ म्हणणे पुरेसे नसते. दुकानदार ज्याला ४० डेन्सिटी म्हणतो, त्या फोमच्या एका घनमीटरचे वजन ४० किलो असते. घनता टिकाऊपणा ठरवते, कडकपणा वेगळा असतो. बैठकीसाठी ४० घनतेचा, थोडा कडक फोम घ्यावा, पाठीसाठी ३२ घनता आणि मऊ चालतो. मांडीखालच्या पुढच्या कडेला आणि बाजूच्या उंचवट्यांना अधिक कडक फोमची पट्टी चिकटवावी, कारण चढता-उतरता सगळा भार तिथेच येतो. फोम सांगाड्यापेक्षा प्रत्येक बाजूला ५ ते १० मिलिमीटर मोठा कापावा. तो दबून कव्हर भरतो, आणि कव्हर ताठ दिसण्याचे मुख्य कारण तेच असते. धारदार, लांब पात्याची ब्रेड कापायची सुरी फोमला उत्तम चालते.

चिकटवण्यासाठी रबराधारित सिंथेटिक गोंद दोन्ही पृष्ठभागांना लावून, तो हाताला चिकटेनासा झाल्यावर दाबावा. त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेट घेते, म्हणून हे काम गच्चीवर किंवा मोकळ्या पार्किंगमध्ये करावे. गॅस, निरांजन किंवा विडी जवळपास नको.

बेत

उसवलेले तुकडे खाकी कागदावर ठेवून गिरवले की बेत झाला असे वाटते, परंतु चाळीस वर्षे बसून बसून रेक्झिन जिथे भार होता तिथे ताणलेले आणि कडांना आकसलेले असते. म्हणून डावा आणि उजवा अर्धा एकमेकांवर ठेवून पाहावा, ज्या बाजूला चालक बसत नव्हता ती सहसा अधिक खरी असते, आणि तिचाच आरसा काढून दुसरी बाजू करावी. सरळ असायला हव्या त्या रेषा पट्टीने सरळ कराव्यात. मग फूटपट्टीऐवजी मोजपट्टी उभी धरून, ज्या दोन कडा एकमेकींना शिवल्या जाणार आहेत त्यांची शिवणरेषेवरील लांबी मोजावी. दोन्ही जुळत नसतील तर फरक आताच कागदावर मिटवावा. यंत्रावर तो चुणी बनून वर येतो. सर्व बाजूंनी १२ मिलिमीटर माया, म्हणजे शिवणरेषेबाहेरचा जास्तीचा माल, सोडावी आणि ती सगळीकडे सारखी ठेवावी, म्हणजे यंत्राच्या पत्र्यावर टेप लावून तिच्या आधाराने टीप मारता येते.

नवा फोम जुन्यापेक्षा जाड असेल, तर जुना बेत तसाच वापरता येणार नाही. अशा वेळी मांजरपाटाचे स्वस्त कव्हर आधी शिवून फोमवर चढवावे, टाचण्या लावून बसवावे आणि तेच उसवून अंतिम बेत काढावा. मांजरपाट ताणले जात नसल्याने त्यात बसलेला आकार रेक्झिनमध्ये थोडा सैल येतो. म्हणून अंतिम बेतात रुंदीला सुमारे एक टक्का कमी करावे.

रेक्झिनवर खुणा नेहमी उलट बाजूने, खडूने किंवा चंदेरी पेनाने कराव्यात. बॉलपेन वापरूच नये, त्याची शाई काही महिन्यांनी आरपार येऊन दर्शनी बाजूला डाग उमटवते. कमी ताणले जाणारी दिशा बैठकीत पुढून मागे ठेवली तर खोलगट पडणे कमी होते. सर्व तुकड्यांवरचा दाणा एकाच दिशेने यावा, नाहीतर उन्हात दोन तुकड्यांची छटा वेगळी दिसते.

पद्मिनीच्या मूळ आसनांसारख्या उभ्या पट्ट्या हव्या असतील, तर एक गणित आधी करावे लागते. रेक्झिनखाली १० मिलिमीटर फोम आणि त्याखाली मांजरपाट धरून रेघा शिवल्या की प्रत्येक रेघ थोडी रुंदी खाते. ५ सेंटिमीटर अंतराच्या दहा पट्ट्यांचा नमुना शिवून मोजावा. समजा ५० सेंटिमीटरचे ४७ झाले, तर प्रत्येक पट्टी ३ मिलिमीटर खाते. १२० सेंटिमीटरच्या बाकाला २४ पट्ट्या येत असतील, तर ७ सेंटिमीटरहून थोडा जास्त माल वाढवावा लागेल. त्यामुळे पट्ट्यांचा भाग नेहमी मोठा घेऊन शिवावा आणि नंतरच बेत ठेवून कापावा.

टीप मारण्याचा क्रम

सुरुवात मागच्या बाकाच्या पाठीपासून करावी. ती सपाट असते, तिच्यावर कोणाची फारशी नजर जात नाही, आणि हाताला वेग तिथे येतो. चालकाची बैठक शेवटी ठेवावी. प्रत्येक भागात आधी पट्ट्या आणि दर्शनी टिपा, मग वरच्या तुकड्याच्या कडेला पायपिंग, मग बाजूची उभी पट्टी आणि सर्वांत शेवटी नेफे व खालची झालर, असा क्रम असतो. एकदा बाजूची पट्टी जोडली गेली की मधल्या भागावर टीप मारायला यंत्राच्या हाताखाली जागा उरत नाही.

पायपिंगसाठी ४ मिलिमीटर जाडीची दोरी घेतल्यास तिचा घेर सुमारे १३ मिलिमीटर होतो. दोन्ही बाजूंची १२ मिलिमीटर माया मिळवून पट्टी ३८ ते ४० मिलिमीटर रुंद कापावी. कापडाची पायपिंग उरेब, म्हणजे विणीला तिरपी, कापावी लागते, रेक्झिन ताणले जात असल्यामुळे सरळ कापले तरी चालते. दोरी गुंडाळताना पहिली टीप तिच्यापासून किंचित लांब मारावी आणि तुकड्याला जोडतानाची टीप अधिक जवळून घ्यावी, म्हणजे पहिली टीप आत झाकली जाते. पायपिंगचा सांधा मागच्या बाजूला, मध्यावर घ्यावा. कोपऱ्यावर तो कधीही नको.

टाचण्यांची भोके रेक्झिनवर कायम राहतात, म्हणून तुकडे जोडताना कार्यालयीन कागदांना लावायच्या काळ्या क्लिपा किंवा मायेच्या आत अरुंद दुहेरी टेप वापरावी. बाजूची पट्टी जोडताना पुढच्या कडेच्या मध्यापासून एका टोकाकडे आणि पुन्हा मध्यापासून दुसऱ्या टोकाकडे जावे. एका टोकापासून सुरू केल्यास सगळी चूक शेवटच्या कोपऱ्यात साठते. कोपऱ्यावर सुई रुतवून ठेवून फूट उचलावे, कापड वळवावे आणि बाहेरच्या गोलाईच्या मायेत इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या, आतल्या गोलाईत साध्या खाचा द्याव्यात. प्रत्येक खाच शिवणीपासून ३ मिलिमीटर अलीकडे थांबावी. शिवणीच्या दोन्ही टोकांना तीन-चार उलट टाके पुरतात. रेक्झिनवर चुकलेली टीप उसवून तिथेच पुन्हा मारता येत नाही, कारण जुनी भोके तशीच दिसत राहतात. म्हणून शंका असेल तिथे आधी तुकड्यावर मारून पाहावे.

कव्हर चढवणे

शिवलेले कव्हर अर्धा तास उन्हात ठेवावे. पुण्याच्या उन्हाळ्याचा इथे खरा फायदा होतो, रेक्झिन मऊ पडते आणि कोपऱ्यावर सहज बसते. पावसाळ्यात केस वाळवण्याचे यंत्र पुरते; हॉट एअर गन वापरल्यास ती सतत हलती ठेवावी, अन्यथा रेक्झिनचा दाणा वितळून चकाकी येते. फोमवर पातळ प्लॅस्टिकचा कागद टाकला, तर कव्हर अडकत नाही.

आधी मधल्या नेफ्यातली तार फोममधून सांगाड्याला ओढून हॉग रिंगने, म्हणजे पक्कडीने मिटवायच्या तारेच्या कडीने, बांधावी, मग पुढची कड, मग मागची, आणि शेवटी बाजू. तबल्याची पुडी चढवताना जशा समोरासमोरच्या वाद्या थोड्या थोड्या ओढतात, तसे इथेही एक कडी पुढे आणि तिच्या समोरची मागे असे मध्यापासून कोपऱ्यांकडे जावे. हॉग रिंगांसाठी त्यांची खाचेची पक्कड घ्यावीच. साध्या पक्कडीने कडी अर्धवट मिटते आणि काही दिवसांत सुटते. पहिल्या बसवणीत कड्यांऐवजी प्लॅस्टिकचे केबल टाय बांधून पाहावे. पायपिंग सरळ आली, चुण्या नाहीत आणि दोन्ही कोपरे सारखे भरले अशी खात्री झाल्यावर टाय कापून कड्या माराव्यात. कोपरा रिकामा वाटला तर कव्हर अधिक ओढण्यापेक्षा आत फोमचा पातळ तुकडा घालावा.

दारांच्या फळ्या

हे काम शिवणीपेक्षा सुतारकीचे अधिक आहे. जुन्या हार्डबोर्डच्या फळ्या पावसाने फुगून वाकलेल्या असतात. त्या ठेवून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलेल्या ३ किंवा ४ मिलिमीटरच्या जलरोधक प्लायवर त्यांचा आकार व क्लिपांची भोके गिरवावीत. काचेच्या रबरातून दारात पाणी उतरतच असते आणि ते दाराच्या तळातील भोकांतून बाहेर पडते, म्हणून ती भोके आधी मोकळी करावीत. फळी आणि दाराच्या पत्र्यामध्ये जाड प्लॅस्टिकचा कागद लावून त्याची खालची कड दाराच्या आत सोडावी. ती बाहेर राहिली तर पाणी थेट नव्या फळीवर येते. फळीच्या कडांना आणि भोकांना वार्निश पाजल्यावरच रेक्झिन चिकटवावे.

छताचे अस्तर पहिल्याच गाडीत स्वतः करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते काढण्या-बसवण्यासाठी पुढची-मागची काच उतरवावी लागते, आणि जुनी काच फुटली तर तिची जोडीदार शोधण्यात कुशनकामापेक्षा जास्त वेळ जातो.

आसने परत बसवताना सरकपट्ट्यांना ग्रीस लावावे, पण ते कव्हरला लागू देऊ नये. बोल्ट गंजलेले असतील, तर तितक्याच ताकदीचे नवे घ्यावेत, हार्डवेअरच्या दुकानातले मऊ बोल्ट नव्हेत. सीटबेल्ट असतील तर ते गाडीला जिथे बोल्टने बांधलेले असतात त्या जागा याच वेळी तपासून घ्याव्यात. बसवल्यावर आसन पुढे-मागे पूर्ण सरकवून पाहावे आणि कव्हर, झालर किंवा लोंबणारी तार कुठे अडकत नाही याची खात्री करावी. पहिल्या महिन्यात फोम थोडा बसतो आणि कव्हर किंचित सैल पडते. तेव्हा मागच्या कडेच्या कड्या काढून कव्हर ५ मिलिमीटरने ओढून पुन्हा बांधावे लागते, आणि त्यासाठी मागच्या झालरीत दोन बोटे जास्तीची माया ठेवलेली असावी.